कायदेशीर रहिवासी

पाकिटाची खिडकी. बोटभर लांबीची, पातळ प्लॅस्टिकची, आणि तिच्यातून दिसणारे ते दोन शब्द – कायदेशीर रहिवासी. पायपुसण्यावर ते पाकीट नेमकं उताणं पडलं होतं, जणू मुद्दाम तसं पडायला शिकवून पाठवलेलं. ग्लेनिस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. सातवं. न उघडताही आत लाल अक्षरं आहेत हे कळत होतं, कारण कागद घडीशी गुलाबी झाला होता.

पहिल्या पत्रात नुसती विचारणा होती – घरात टीव्ही पाहत असाल तर त्याचा सरकारी परवाना कुठं आहे? तिसऱ्यात तपास सुरू झाला. पाचव्यात कोर्टात काय काय होतं ते सांगितलं होतं, आणि सहाव्यानं चौकटीत तारीख टाकून विचारलं होतं – चौदा तारखेला आपण घरी असाल का? आज चौदा तारीख. असेन की, आणखी कुठं जाणार आहे मी, असं ती मोठ्यानं म्हणाली. अलीकडे स्वतःचा आवाज घरात फार मोठा वाटायचा.

एका सहीचं काम होतं. 'या पत्त्यावर टीव्ही पाहिला जात नाही' – खाली रेघ. टीव्ही होता, पण फेब्रुवारीपासून बंद होता, त्यावर तिनं विणलेला पांढरा रुमाल घातला होता, म्हणजे सही अगदी खरी ठरली असती. नवरा, विल्फ, गेल्याचं तर तिनं त्यांना पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं; परवाना त्याच्या नावावर होता, तो रद्द झाला. अंधांना तो निम्म्या पैशांत मिळतो. विल्फ सगळ्यांना सांगायचा, "सरकारच्या मते आंधळ्याला अर्धं दिसतं बरं का! उरलेलं अर्धं आमची ग्लेनिस सांगते." आणि हसायचा, बस चालवताना हसायचा तसाच, समोर बघत.

सतरा वर्षं सांगितलं. काचबिंदूनं त्याची बस गेली, मग वर्तमानपत्र, मग खिडकी... आणि रोज संध्याकाळी चहा झाला की तो आपल्या खुर्चीत आणि ती शेजारच्या स्टुलावर. आता ती बाई जिना उतरतेय, निळा झगा घातलाय, तुला आवडला नसता. आता तो स्नूकरवाला लाल चेंडू मारणार, नाही, काळा. बातम्या देणारा? आहे तसाच आहे, केसाला काळा रंग लावतो मेला. – तो बातम्यावाला कधीच निवृत्त झाला होता. आवाज वेगळा का वाटतो म्हणून विल्फनं विचारलं तेव्हा तिनं सर्दीवर ढकललं होतं. पुढं कधी त्यानं विचारलं नाही.

मग टीव्ही पाहत कोण होतं? तो नाही, त्याला दिसत नव्हतं. आणि मी... मी कुठं पाहत होते, मी तर बोलत होते. फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. सही करायला ती तीनदा बसली आणि तीनदा तिचा हात 'पाहिला जात नाही'पाशी अडला. त्या शब्दांखाली आपलं नाव लिहायचं म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी आपण होऊन मिटवायच्या. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते ठरवतानाही एवढं जड गेलं नव्हतं. आणि शिवाय – हे ती कुणाला सांगणार नव्हती – सही केली की पत्रं थांबली असती. दुसरं कोण लिहीत होतं तिला?

अकरा वाजता शेजारची मॉरीन कुंपणावरून डोकावली.

"अगं, कसला वास हा? आल्याचा? पार्किन केलंस?"

"केलं थोडं. आज ते यायचेत ना, परवान्याचे."

मॉरीननं आ वासला. "ग्लेनिस! त्यांच्यासाठी? अगं पाहुणे आहेत का ते! आमचा हॅरल्ड अठरा वर्षं सोफ्याच्या मागं लपला, माहितीय? गुडघे गेले बिचाऱ्याचे, पण दार नाही उघडलं. तू पण उघडू नकोस. आणि नाव तर मुळीच सांगायचं नाही, ऐकलंस?"

"ऐकलं."

"ऐकलं म्हणते नि करायचं तेच करते. विल्फनं लाडावून ठेवलंय तुला." आणि मग मॉरीनचा चेहरा पडला, विल्फचं नाव घेतलं की सगळ्यांचा पडतो तसा, आणि तिला एकदम दोरीवरचे कपडे आठवले.

खरं तर ग्लेनिसनं काही ठरवून केलं नव्हतं. सकाळी उठली आणि पार्किनच्या केकसाठी ओटमील भिजवलं. निळ्या काठाचे कप काढले, ते अंत्यविधीनंतर कपाटात गेलेले. घरी कुणी येणार असेल तर काहीतरी भाजायचं, एवढंच आईनं शिकवलं होतं. येणारा दम द्यायला येतोय की भेटायला, हा भेद आईच्या शिकवणीत नव्हता. फिकट निळं कार्डिगन घातलं. आरशात मात्र पाहिलं नाही.

तीन वाजले. साडेतीन. कोल्न गावातला ऑक्टोबरचा पाऊस खिडकीवर आडवा येत होता. आपल्याला वाईट वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि कशाचं, ते लक्षात आल्यावर तर लाजच वाटली – तो माणूस येत नव्हता याचं.

चारला दार वाजलं.

पन्नाशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, बूट पार भिजलेले. "या घरात कायदेशीर रहिवासी..." अशी त्यानं सुरुवात केली.

"मी ग्लेनिस हार्गरीव्हज. या ना आत, केवढे भिजलात!"

नाव पूर्ण सांगितलं होतं, मॉरीननं ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण आठ महिन्यांत ते नाव कुणी विचारलंच नव्हतं. तो माणूस उंबऱ्यावर घुटमळला. आत बोलावण्याची त्याला सवय नसावी.

त्यानं टीव्ही पाहिला, रुमाल उचलून पाहिला, काढून ठेवलेली वायर पाहिली. मग खुर्चीकडे वळला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "तिथं नको. इथं बसा."

"चहा आम्हाला कुणी विचारत नाही, बाई," कप घेत तो म्हणाला. "परवा एकीनं कुत्रं सोडलं."

"मग पार्किन घ्या."

"नियमात बसत नाही." त्यानं बशीकडे पाहिलं. "लावत नाही ना तुम्ही हा? मग फॉर्म का नाही भरलात? पाच मिनिटांचं काम. आम्हालाही उगीच ही पत्रं पाठवायची हौस नाही."

"भरते," ती म्हणाली.

"भरा. दोन वर्षं कुणी त्रास देणार नाही तुम्हाला." हे त्यानं चांगल्या मनानं सांगितलं. नवा फॉर्म टेबलावर ठेवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. निघताना पुढचं दार अडकलं. पावसात फुगतं ते. त्यानं दोनदा ओढलं, मग खांदा लावून धक्का दिला, पुन्हा ओढलं, तेव्हा कसंबसं उघडलं. "मूठ सैल झालीय याची, बाई. बसवून घ्या. नाहीतर एखाद्या दिवशी खांद्यानंच उघडावं लागेल."

तो गेला आणि ग्लेनिस तिथंच पॅसेजमध्ये उभी राहिली, हात त्या सैल मुठीवर.

खांद्यानं.

फाइली गावातलं, समुद्रकाठचं ते घर – लग्नानंतरचे चार दिवस, समुद्राकडची खोली, मालकीण मिसेस ब्रॅम्ली आणि हिरवं दार. त्या दाराला मूठच नव्हती! तुटून पडलेली, नुसतं भोक. विल्फनं खांदा लावला नि दोन बॅगांसकट थेट आत, छत्र्यांच्या स्टँडवर... चारही दिवस दोघं त्यावर हसत होते. आणि मग गेल्या जानेवारीत, टीव्हीवर तोच किनारा, कॅमेरा त्याच रस्त्यानं सरकला आणि घराच्या जागी गाड्या लावायची फरशी. नुसती ओली फरशी.

"आपलं घर दिसतंय का गं? हिरवं दार आहे अजून?"

"आहे," ती म्हणाली होती. "हिरवंच आहे."

"आणि त्याची पितळी मूठ? चकचकीत?"

"चकचकीत. आत्ताच पुसल्यासारखी."

विल्फनं चाचपत तिचा हात शोधला होता. मग त्यावर आपला हात ठेवत म्हणाला होता, "मग ठीक आहे."

मग ठीक आहे... त्याला माहीत होतं. त्यानं मुद्दाम विचारलं होतं. आणि मी हो म्हटलं. कधीपासून माहीत होतं, विल्फ? त्या निळ्या झग्यापासून? त्या सर्दीपासून? सतरा वर्षं मी तुझ्यासाठी बोलत होते, आणि तू – तू काय माझ्यासाठी ऐकत होतास? तिला त्याचा भयंकर राग आला, लग्नाच्या सेहेचाळीस वर्षांत आला नव्हता तेवढा, आणि तो राग काढायला घरात कुणी नव्हतं. ती रडली. अंत्यविधीत रडली नव्हती, तिथं लोकांना सँडविच द्यायची होती.

डोळे पुसून ती खोलीत आली. बाहेर उजेड कमी झाला होता. टेबलावर फॉर्म, पेन, आणि त्या माणसाची बशी – पार्किनचा तुकडा नव्हता. नियमात बसवलेला दिसत होता कसातरी. ती स्टुलाकडे गेली, पण बसली विल्फच्या खुर्चीत, पहिल्यांदाच. समोर टीव्ही होता, रुमाल त्या माणसानं दुमडून बाजूला ठेवलेला. काळी काच.

बराच वेळ ती काचेकडे बघत राहिली. मग सवयीनं घसा साफ केला.

"काही चालू नाहीय, विल्फ. काच काळी आहे. तिच्यात एक बाई बसलीय. म्हातारी आहे. केस पांढरे झालेत, सगळेच, तुला तपकिरी सांगत होते ते. गाल खाली आलेत." तिनं गालावरून बोट फिरवलं. दर रविवारी, तिनं त्याची दाढी केली की तो तिच्या तोंडावरून बोटं फिरवायचा, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणायचा, आहेस तशीच आहेस. "हेही तुला माहीत होतं," ती म्हणाली.

फॉर्म मांडीवर होता. पेनाचं टोपण तिनं काढून ठेवलं होतं. "कार्डिगन निळं आहे," ती पुढं सांगू लागली, "कोपरावर विरलंय थोडं..."