दहापैकी आठ

पूर्वी आमच्या बोटीवर प्रत्येक खोली दिवसातून दोनदा केली जायची. सकाळी झाडलोट, चादरी, बाथरूम. संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की पुन्हा आत शिरायचं, पडदे ओढायचे, पांघरुणाची एक कड दुमडायची, उशीवर चॉकलेट ठेवायचं आणि पलंगाशी सपाता मांडायच्या. तेवीस वर्षं मी हे काम करतो आहे. सपाता कशा मांडायच्या यावर मी अर्धा तास बोलू शकतो. बायको म्हणते, घरी मात्र स्वतःची चप्पल कधी जागेवर नसते. खरं आहे, पण घरी मला कोणी गुण देत नाही.

गेल्या हंगामात वरून एक पत्रक आलं. संध्याकाळची फेरी बंद, कारण कंपनी प्रवाशांच्या खासगीपणाचा आदर करते. चॉकलेट बंद, कारण कंपनीला त्यांच्या आरोग्याची काळजी आहे. टॉवेल तीन दिवसांनी बदलायचे, कारण समुद्र स्वच्छ राहिला पाहिजे. तेवीस वर्षं मी लोकांच्या खासगीपणात नाक खुपसत होतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या खोल्या चौदाच्या बावीस झाल्या. त्याला मात्र छानसं कारण कोणाला सुचलं नसावं, कारण पत्रकात ते एका ओळीत उरकलं होतं.

माझी वहीही गेली. खिशात मावेल एवढी वही होती, आणि तिच्यात कोणाला दोन उशा लागतात, कोणाला खिडकीची फट उघडी लागते, कोण कुठल्या कुशीवर झोपतं, हे सगळं टिपलेलं असायचं. प्रवाशांची माहिती अशी खिशात बाळगणं नियमात बसत नाही म्हणे. तिच्या जागी टॅबलेट आला. खोली करून झाली की तिचा फोटो काढायचा. यादीप्रमाणे सगळं जागेवर असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

लाल खुणेचं एक वेळ चालतं, साहेब ओरडतात आणि विसरतात. गुणांचं तसं नाही. त्याच हंगामापासून सफर संपताना प्रवासी आपल्याला दहापैकी गुण देतात. नऊ किंवा दहा म्हणजे पास. आठ आणि त्याखालचा प्रत्येक आकडा म्हणजे नापास. एका हंगामात तीन नापास झाले की पुढचा करार मिळत नाही. माझे दोन झाले होते. एका माणसाने मला सहा दिले कारण त्याच्या फोनला रेंज मिळत नव्हती. एका जोडप्याने सात दिले कारण दोन दिवस पाऊस लागला होता. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. या वयाच्या माणसाला दुसरी कंपनी नव्याने खोल्या करायला घेत नाही. आणि माझ्या मुलीची नर्सिंगची अजून दोन वर्षं बाकी आहेत.

अशात शेवटच्या बारा दिवसांच्या सफरीच्या यादीत हेडबाईंचं नाव दिसलं.

हेडबाई हे आम्ही ठेवलेलं नाव. त्या मुलींच्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. अकरा वर्षं त्या आणि त्यांचे यजमान दरसाल माझ्याच खोलीत येत. यजमान दातांचे डॉक्टर. उशीवरची चॉकलेटं ते रोज सकाळी मला परत करत आणि तूही खाऊ नकोस म्हणून बजावत. बाई आरशामागून बोट फिरवत, बोटाकडे बघत आणि काही बोलत नसत. काही न बोलणं ही त्यांची शाबासकी होती. एरवी मला हे दोघं आले की माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. त्या खेपेला मात्र मला आधी एकच गोष्ट आठवली. डॉक्टरांनी एकदा हसत सांगितलं होतं की हिने जन्मात कोणाला आठाच्या वर गुण दिलेले नाहीत.

आता चूक सांगतो. नाव दिसल्यावर मी पुढचं वाचलंच नाही, हात आपोआप चालले. उजव्या बाजूला बाईंच्या सपाता आणि वाचायचा दिवा. डाव्या बाजूला डॉक्टरांच्या सपाता, टोकं बाहेरच्या दिशेला, म्हणजे उठताना पाय सरळ आत जातात. त्यांच्या गोळ्यांसाठी पाण्याचा पेला, त्यावर बशी पालथी, कारण उघडं पाणी त्यांना चालत नसे. टॅबलेटवर लाल खूण आली. मला वाटलं, टॅबलेटचंच काहीतरी बिनसलंय.

तेवढ्यात बाई आल्या, एकट्याच. पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या पेल्याकडे बघत राहिल्या. मी टॅबलेटवर पाहिलं. प्रवासी संख्या, एक. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी माफी मागायला लागलो तर त्या म्हणाल्या, फेब्रुवारीत गेले, झोपेतच, त्रास झाला नाही. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पेला, बशी आणि सपाता उचलल्या. बाईंना रोज डोळ्यांसमोर ते नको, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर लाल खूणही नको होती. दोन्ही कारणं खरी होती आणि त्यातलं कुठलं आधीचं, हे मी तेव्हा तपासलं नाही. फोटो काढला, हिरवी खूण आली आणि मी पुढच्या खोलीत गेलो.

एक गोष्ट मात्र मी केली. संध्याकाळची फेरी बंद असली तरी बाईंच्या खोलीत रोज गेलो. माझी जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते, त्यातली दहा मिनिटं काढायची, पडदे ओढायचे, पांघरुणाची कड दुमडायची, सपाता मांडायच्या. हवं असेल तर फोनवरून मागवा अशी नवी सोय होती, पण बाई मागवणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारच्या खोलीतलं कुटुंब दिवसाला पाच वेळा मागवायचं. फोनवर बटण दाबायचं आणि मी दारात आलो तरी वर बघायचं नाही. माणसं वाईट नव्हती, त्यांना कोणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

बाई दिवसभर वरच्या डेकवर पुस्तक घेऊन बसत. जेवणाच्या हॉलमध्ये पूर्वी लोक नीट कपडे करून येत. आता अर्ध्या चड्डीत येऊन ताट भरून नेतात, कारण वाढपीही निम्मे झाले आहेत. बाई रोज संध्याकाळी साडी बदलून, मोत्यांची माळ घालून दोघांच्या टेबलाशी एकट्या बसत. हे मला मेव्हण्याने सांगितलं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बोटीच्या लाँड्रीत आहे, मीच लावला. तो तिथे इस्त्री कमी आणि राजकारण जास्त करतो. शेवटच्या दिवसाआधी सगळे खोलीवाले टॉवेल दुमडून पलंगावर दहाचा आकडा करून ठेवतात, एका टॉवेलचा एक आणि एकाचं शून्य. गुण मागायला बंदी आहे, पण टॉवेलला कोणी नोटीस देत नाही. पूर्वी याच टॉवेलांचे आम्ही हत्ती आणि हंस करायचो. मी तो आकडा कधी केला नव्हता. मेव्हण्याने माझ्यासाठी दोन टॉवेल मुद्दाम कडक इस्त्री करून आणले.

"भाऊजी, ताठा सोडा," तो म्हणाला. "अडला हरी गाढवाचे पाय धरी."

"हेडबाईंना गाढव म्हणतोस?"

"मी तुम्हाला हरी म्हणतोय, ते बघा की."

मी टॉवेल घेतले आणि बाईंच्या बाथरूममध्ये टॉवेलच्याच जागी ठेवले. आकडा काही हातून होईना. हेडबाईंच्या पलंगावर दहाचा आकडा ठेवायचा म्हणजे परीक्षकाच्या घरी पेढे घेऊन जाण्यासारखं होतं. रात्री बायकोशी फोनवर बोललो. तिने एवढंच विचारलं की नाही मिळाला करार तर काय करायचं ठरवलंयस. मुलगी मागून ओरडून परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होती, आणि मला स्वतःची लाज वाटली. ताठा मी करणार आणि किंमत ती मोजणार, हे काही बरोबर नव्हतं.

सकाळी बोट धक्क्याला लागल्यावर मी बाईंची बॅग उचलायला गेलो. त्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या टीव्हीच्या पडद्याकडे बघत होत्या. गुणांचा तक्ता उघडा होता आणि माझ्या नावापुढे आठाचा आकडा उजळला होता. फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी होतं.

"बाई, एक मागायचं होतं," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. तीन नापास, करार, वय, मुलगी. सांगताना मी त्यांच्या बॅगेच्या कुलपाकडे बघत होतो.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आठ म्हणजे नापास?"

"हो."

"हे कोणी ठरवलं?"

"कंपनीने."

"त्यांना शाळेत कोणी घातलं होतं की नाही?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत मी आठ फक्त चार मुलींना दिले. डॉक्टरांना मी साडेसात द्यायचे. ते खूश असायचे."

बाईंनी पुढे वाकून दहावर बोट टेकवलं आणि पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर फुगे उडाले, धन्यवादाचं काहीतरी आलं. बाईंनी तो पडदाच बंद केला.

"हे कंपनीचे झाले," त्या म्हणाल्या. "मुलीला नीट अभ्यास करायला सांग."

बोटीच्या जिन्यापर्यंत मी बॅग नेली. पुढच्या वर्षी भेटू, असं मी सवयीने म्हणालो. त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षी येणं नाही. गुडघे राहिले नाहीत, मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत, आणि ही सफर फक्त एकदा बघून यावं म्हणून केली. काय बघायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. खाली पोचल्यावर त्यांनी मागे वळून हात केला.

दुपारी नवे प्रवासी येणार होते, म्हणून मी लगेच खोली करायला घेतली. बाईंनी चादर स्वतःच घडी करून ठेवली होती. त्यांचा पेला उजवीकडे नव्हता. तो डाव्या बाजूला होता, डॉक्टरांच्या बाजूला, पाण्याने भरलेला, वर बशी पालथी घातलेली. पेल्याखाली शाळेच्या वहीतल्यासारखा रेघांचा कागद होता. लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

वर आकडा होता, दहापैकी आठ, खाली दुहेरी रेघ. मग बाईंचं ठळक, सुटं अक्षर.

'संध्याकाळचं काम बंद झालं असूनही तू करत होतास. जेवणाची वेळ मोडून करत होतास, तेही मला कळलं. त्याचे पूर्ण गुण दिले आहेत.

एक गुण कापला, आरशाच्या खालच्या कडेची धूळ. अकरा वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते.

एक गुण कापला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पेला उचलल्याबद्दल. तो उचल असं मी म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी आत आले तेव्हा वाटलं, या जगात अजून एक माणूस आहे ज्याला ते कसे झोपायचे ते ठाऊक आहे. ते बघायलाच मी आले होते.'

मी पलंगाच्या कडेवर बसलो. प्रवाशाच्या पलंगावर बसायचं नाही, हा नियम मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. रडू आलं, ते आवरलं नाही. मग उठलो आणि आधी आरशाची खालची कड पुसली. धूळ खरंच होती.

त्या आठवड्यात करार झाला. साहेबांनी दहाचा आकडा दाखवून माझी पाठ थोपटली. मेव्हणा सगळ्यांना सांगत सुटला की टॉवेलने काम केलं, आणि मीही त्याला सांगू दिलं. बायकोला फोनवर मात्र खरं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, मग पुढच्या वेळी ठेव की तो पेला.

मी म्हटलं, बाई आता येणार नाहीत. आरशाचा गुण मी रोज भरून काढतो, बावीसच्या बावीस खोल्यांत. दुसरा तेवढा राहिला.