कोसमटोल्याच्या एकेचाळीस मच्छरदाण्या

सव्वीस मार्चच्या सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आरोग्य सहायक हेमराज बोरकर यांनी कोसमटोल्याच्या जंगलात एका मोहाखाली अंथरलेली मच्छरदाणी पाहिली आणि मोटरसायकल थांबवली. सात वाजेपर्यंत त्यांनी अशा एकेचाळीस मोजल्या. सगळ्या सरकारी, निळ्या, औषध लावलेल्या. एकेचाळिसावी गावची आशा कार्यकर्ती ललिता मडावी हिच्या झाडाखाली होती, आणि ललिता तिच्यावरची फुलं टोपलीत भरत होती.

कोसमटोल्यात मोहाचं प्रत्येक झाड कुणा ना कुणा घराचं असतं. कागदावर तसं कुठं लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. अठरा वर्षं या भागात फिरलेल्या हेमराजना हे ठाऊक होतं. त्यामुळे कुणाची मच्छरदाणी कोणती, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी झाडांवरून घरांची नावं लिहिली आणि शेवटी ललितापुढे उभे राहिले.

"तुमच्याच हातानं वाटल्या ना या, ललिताबाई?" एवढंच ते म्हणाले.

ललिताने मान हलवली. वाटल्या तिनेच होत्या, आणि झाडाखाली पहिली अंथरलीही तिनेच होती.

चार दिवसांनी तालुक्याहून कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आशा म्हणून नाव कमी करण्याची शिफारस केली जाईल, असं तिच्यात होतं. ललिताने ती दोनदा वाचली, घडी करून औषधांच्या पिशवीत ठेवली आणि ठरल्याप्रमाणे गावातल्या सुकरीच्या गरोदर सुनेला तपासणीला घेऊन गेली. नऊ वर्षांत कोसमटोल्यातलं एकही बाळंतपण तिच्याशिवाय झालं नव्हतं. तापाने फणफणलेलं माणूस आधी तिच्या दाराशी यायचं. ते दार बंद झालं तर लोक कुठं जातील, हा हिशेब ती वाटेने चालताना करत होती, आणि आपण मग कोण राहू, हाही.

गटविकास अधिकारी दीपिका खोब्रागडे मूळच्या चिमूरच्या. या तालुक्यात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. दर महिन्याला सगळ्या खात्यांची समन्वय सभा त्यांच्याच दालनात व्हायची. एकेका खात्याने आपला अहवाल वाचायचा, चहा प्यायचा आणि उठायचं, अशी तिची जुनी रीत. एप्रिलच्या सभेआधी दीपिकांनी दोन कागद शेजारी ठेवून वाचले. आरोग्याच्या कागदात कोसमटोल्याचं नाव सर्वांत वाईट गावांत होतं. वनविभागाच्या कागदात तेच नाव सर्वांत चांगल्या गावांत होतं: गेल्या वर्षी सात वणवे, यंदा एकही नाही. दोन्ही कागदांवर तारीख एकच.

त्यांनी ललिताला सभेला बोलावलं. सभा अकराची होती. मोह वेचून, फुलं वाळत घालून बाईला अकराला पोचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी सभा दोनवर नेली.

ललिता दाराजवळच्या बाकावर बसायला गेली. दीपिकांनी तिला टेबलाशी खुर्ची दिली. तिच्या एका बाजूला हेमराज, दुसऱ्या बाजूला वनरक्षक अंकुश कन्नाके. नोटिशीचं कुणी काही काढलं नाही. दीपिकांनी फक्त विचारलं की हे सुरू कसं झालं, ते पहिल्यापासून सांगा.

ललिता आधी टेबलाकडेच बघून बोलली. मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायची पद्धत जुनीच. जमीन साफ झाली की फूल दिसतं. तीच आग पसरते, म्हणून दोन वर्षांपासून वनविभाग गावात येऊन सांगत होता की पाला जाळू नका, काहीतरी अंथरा.

"आमी इचारलं, काय अंथरू? त अंकुशभाऊ म्हणाले, काईबी अंथरा, पन काडी नोका लावू." आता तिने मान वर केली. "लुगडं अंथरलं त फूल ओलं होऊन सडते. आरोग्यवाल्यायनं मच्छरदाणी देल्ली होती. उन्हाळ्यात मच्छर नाई. मले वाटलं, पावसाच्या आधी धुऊन परत बांधू. मीनंच पयले अंथरली, मंग बायांयनं."

आता अंकुशने गप्प राहायचं ठरवलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. त्याने कॅप काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं की हो, मी असंच म्हणालो होतो. काय अंथरायचं ते आम्ही दिलं नाही, आणि आरोग्य खात्याला विचारलंही नाही.

हेमराज चिडले नाहीत, पण हटलेही नाहीत. उन्हात त्या कापडातलं औषध मरतं, पाल्यावर ओढून ते फाटतं आणि फुलांना लागलेलं औषध माणसांच्या आणि जनावरांच्या पोटात जातं. जुलैत ताप सुरू झाला की याच घरांतली पोरं आजारी पडतील, असं त्यांनी शांतपणे मांडलं. ललिताला ते सगळं पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला अधिक वाईट वाटलं.

दीपिकांनी मग टेबलाभोवती एकेकाला विचारलं: आग नको, मच्छरदाणी नको, तर काय? वनविभागाने अंथरायच्या कापडाची मागणी पाठवता येईल म्हटलं, माल पुढच्या हंगामात येईल. मोहाचा हंगाम तर आता जेमतेम पंधरा दिवसांचा उरला होता. शिपाई नथ्थू चहाचे कप ठेवत होता. तो मूल गावाकडच्या, तळ्याकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवर घरातला. वीस वर्षं या दालनात चहा देत होता, आणि आजवर त्याला तिथं चहाशिवाय काही विचारलं गेलं नव्हतं. ललिताच्या पुढ्यात कप ठेवताना तो क्षणभर थांबला. दीपिकांनी ते पाहिलं.

"नथ्थूभाऊ, तुम्हाला काही सांगायचंय?"

"आमच्या गावी जुने जाळे ढिगानं पडले हायेत, मॅडम. तुटले का मासा निंगून जाते, म्हनून फेकून देतो." त्याने ट्रे काखेत धरला. "फूल काई मासा नोहे. निसटाले पाहत नाई."

कुणीतरी हसलं. दीपिका हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक खुर्ची ओढायला सांगितली. नथ्थू आधी बसेना. मग बसला, आणि ललितासोबत फुलाचा आकार बोटांवर दाखवून कोणत्या विणीचं जाळं चालेल हे ठरवू लागला. त्या दिवशीचा दुसरा चहा हेमराजनी स्वतः जाऊन आणला.

पुढचं काम तीन दिवसांत झालं. मत्स्य विभागाने मूलच्या मच्छीमार संस्थेला फोन केला, वनविभागाची गाडी जाळी घेऊन आली, आणि नथ्थू गाडीतूनच कोसमटोल्यात उतरला. चार खुंट्यांना कमरेइतक्या उंचीवर जाळं ताणून त्याने गाठ दाखवली. म्हाताऱ्या सुकरीने कमरेवर हात ठेवून ते सगळं पाहिलं.

"मासे धरनारा आमाले फुलं धराले शिकवून राह्यला," ती बायांकडे बघून म्हणाली. नथ्थूने तिला उलट विचारलं की आजी, तुमची गाठ सुटते, माझी सुटत नाही, कुणाची ठेवू? सुकरीने दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याच गाठीने दुसरं जाळं बांधलं. फुलं कोरडी, माती न लागलेली मिळाली. वाकायचंही कमी झालं. कंबर दुखत नाही हे तिने तीन घरी जाऊन सांगितलं, नथ्थूचं नाव मात्र घेतलं नाही.

मच्छरदाण्या ललिताच्या अंगणात जमा झाल्या. हेमराज दिवसभर तिथं बसून एकेक उजेडात धरून बघत होते. छत्तीस वापरण्यासारख्या निघाल्या, पाच फाटलेल्या. छत्तिसांना नव्याने औषध लावायचं त्यांनी मान्य केलं आणि बदली पाच मिळवायचा कागदही त्यांनीच लिहिला. निघताना ते ललिताला म्हणाले की अहवाल खरा होता, तो मी मागे घेणार नाही. पण त्याच्या खाली आणखी एक पान जोडतोय.

ते पान, अंकुशची सही असलेला जबाब आणि ललिताचं नाव कायम ठेवावं असं दीपिकांचं पत्र अकरा एप्रिलला जिल्ह्याला गेलं.

मोहाचा हंगाम संपला. कोसमटोल्याच्या हद्दीत यंदा वणवा लागला नाही. छत्तीस मच्छरदाण्या खाटांवर बांधल्या गेल्या.

वीस मे रोजी पावसाळ्यातल्या ताप सर्वेक्षणाची यादी तालुक्यात लागली. कोसमटोल्यापुढे आशा कार्यकर्तीच्या नावाचा रकाना कोरा आहे. जिल्ह्याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याच दिवशी दुपारी हेमराज कोसमटोल्याला गेले आणि रक्तनमुन्याच्या पन्नास काचपट्ट्यांचा डबा ललिताच्या हातात देऊन आले. तिने पट्ट्या मोजून घेतल्या. पन्नास होत्या.