कोणी घेऊ नये

ते साल होते १९९८. कंपन्यांना तेव्हा व्हाइट पेपरचे नवे वेड लागले होते. जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून जाहिरातीलाच चष्मा लावायचा, केस चापून बसवायचे, काखेत दोन-चार तक्ते द्यायचे आणि पुन्हा त्याच दारात उभे करायचे, असा तो प्रकार. हातात मावेल एवढी गुळगुळीत पुस्तिका. वाचणाऱ्याला वाटावे, हे आपल्याला काही विकत नाहीत, शिकवताहेत.

पाण्याची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत मात्र या पुस्तिका लिहिणारी बाई खरोखरच शिकवायची. आधी ती शाळेत विज्ञान शिकवत असे. शाळा बंद पडली तशी ती इथे लागली आणि सगळे तिला मास्तरीण म्हणू लागले. तिच्या लिहिण्याचे काही नेम होते आणि ते ती कोणासाठी मोडत नसे. पहिल्या पानावर यंत्राचे नाव घालायचे नाही. तिथे वाचणाऱ्याचे दुखणे मांडायचे. "आधी नाडी बघा, मग पुडी काढा," असे ती म्हणे. आकडा दिला की तो कुठल्या पाण्यात मिळाला हे त्याच ओळीत सांगायचे. आणि शेवटी एक अख्खे पान, मोठ्या अक्षरांच्या मथळ्याचे: 'हे यंत्र कोणी घेऊ नये'.

विक्रीवाले त्याला 'बाईंचं अपशकुनी पान' म्हणत. पण गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच पान उघडते, हे त्यांनाही ठाऊक होते.

त्या वर्षी कंपनीने एक डबी काढली. पाण्याच्या पाइपला ती बाहेरून अडकवायची, विजेची वायर जोडायची, की जड पाण्यातले क्षार म्हणे आत थर धरत नाहीत. मीठ नको, रसायन नको, कटकट नको. प्रयोगशाळेतल्या इंजिनियरने ती तपासली. हा माणूस इतका कमी बोलायचा की त्याला मौनी म्हणत. नळाच्या साध्या पाण्यावर, सतत वाहत्या पाइपात, डबी बऱ्यापैकी चालत होती. बोअरच्या पाण्यावर तिचा काही उपयोग नव्हता.

"आणि वाफेच्या बॉयलरला?" मास्तरणीने विचारले.

"नको."

"नको म्हणजे?"

"थर धरतो. नळी तापते. फुटते." एवढे बोलून तो डोंगर चढून आल्यासारखा खुर्चीत बसला.

मास्तरणीने तसे लिहिले. बॉयलरवाल्यांनी आपली पाणी मऊ करणारी मिठाची टाकी काढू नये, डबी आणू नये, हे तिने त्या पानावर सगळ्यात वर घातले. मजकूर दिला आणि निर्धास्त झाली.

छापखान्यातले गठ्ठे आधी विक्रीवाल्यांकडे गेले; आठवड्याने एक तिच्याकडे आला, तेव्हा तिने हौसेने दोरी सोडली. नव्या शाईचा वास तिला फार आवडायचा. पाने चाळता चाळता तिचा हात थांबला. ते पान नव्हते. त्या जागी एक हसरे जोडपे काचेच्या पेल्यातून पाणी पीत होते. तिने मागची पाने पाहिली. आकडे होते तसे होते. 'नळाच्या पाण्यात, सतत वाहत्या पाइपात' हे शब्द मात्र जिथे तिथे खरवडून काढले होते. आणि वर एक नवी ओळ: 'मिठाच्या टाकीला कायमचा निरोप द्या.' मुखपृष्ठावर खाली ठळक अक्षरांत तिचे नाव, 'माजी विज्ञान शिक्षिका' या बिरुदासकट.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

विक्रीप्रमुखाला सगळे पाठीमागे साखऱ्या म्हणत. त्याच्या तोंडून कडू शब्द कोणी ऐकला नव्हता. गोड बोलून गळा कापायचा आणि वर पुसायला रुमालही आपलाच द्यायचा, अशी त्याची रीत.

"पान कुठे आहे?" ती दारातूनच म्हणाली.

"या बाई, बसा. चहा सांगू?"

"पान."

"काय सुंदर लिहिलंयत! मालकांनी दोनदा वाचलं."

"मी पान विचारतेय."

"जागाच उरली नाही हो."

"त्या हसणाऱ्या नवरा-बायकोला बरी उरली?"

"माणूस वाचून दमतो, बाई. मध्ये कुठेतरी चेहरा लागतो."

"ते पाणी पिताहेत. आपण बॉयलरबद्दल बोलतोय. बॉयलरचं पाणी कोण पितं?"

"ते सूचक आहे."

"आणि आकडा ठेवून त्याची अट काढलीत, तेही सूचकच का? आता तो आकडा खोटा आहे."

"आकडा तर तुमचाच आहे," साखऱ्या मायेने म्हणाला. "असं बघा, घर भाड्याने देताना कोणी दारावर 'इथे ढेकूण आहेत' अशी पाटी लावतं का?"

"ढेकूण असतील तर लावावी."

"म्हणूनच तुम्हाला घर नाही अजून," तो हसला. "गंमत केली हो. राग मानू नका."

"माझं नाव काढा त्याच्यावरून."

"छापून झालं, वाटूनही झालं. आता नाव काढून काय, बाई, नाव राखायचं!"

ती कार्यालयातून निघाली ती पाय आपटत, आणि घरी न जाता थोरल्या बहिणीकडे गेली. लहानपणापासून तिला राग आला की ती ताईकडेच जायची.

ताईचे धुलाईघर होते. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहांचे पलंगपोस. आत मोठमोठी पिंपे गरगरत असत, आणि पलीकडे दोन बायका ओली चादर चार कोपऱ्यांनी ताणून तापलेल्या रोलरखाली सरकवत. त्या रोलरला वाफ बॉयलरची, बॉयलरला पाणी बोअरचे, आणि बोअरच्या पाण्याला मिठाची टाकी. मिठाची पोती उचलून उचलून साऱ्या जणींच्या कमरा धरलेल्या.

"ये गं ये, आत्ताच तुझं नाव काढलं," ताई म्हणाली. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला." तिच्या टेबलावर तीच पुस्तिका उघडी पडली होती. "टाकी काढतेय मी. डबी सांगितलीय, परवा येतील बसवायला. सुटल्या माझ्या पोरी पोत्यांतून."

"ताई, ती डबी घेऊ नकोस."

"का?"

"बॉयलरला चालत नाही ती. तुझं पाणी तर बोअरचं. नळ्या फुटतील."

ताईने चष्मा काढला. "मग इथे काय लिहिलंय हे? टाकीला निरोप द्या म्हणून?"

"ते मी लिहिलेलं नाही. म्हणजे बाकीचं लिहिलंय, पण त्यांनी अर्धं कापलं."

"मजकूर अर्धा, आणि नाव अख्खं?"

घडले ते सगळे मास्तरणीने सांगितले. ताई ऐकून घेईल, साखऱ्याला चार शिव्या हासडेल आणि मग दोघी हसतील, असे तिला वाटले होते. ताई हसली नाही.

"म्हणजे मी तुझी बहीण म्हणून वाचले," ती म्हणाली. "तू आलीस, सांगितलंस. बाकीच्यांच्या दारात कोण जाणार?"

"मी भांडले ना साहेबाशी!"

"भांडलीस? शाबास. चहा पिऊन भांडलीस, की न पिता?"

"ताई!"

"ताई-बिई काही नको. त्या बाहेरच्या रस्त्यावरच्या धुलाईवाल्या बाईला मी स्वतः नेऊन दिली ही पुस्तिका. माझ्या बहिणीने लिहिलीय म्हणून, छाती फुगवून! तिच्या बॉयलरशेजारी तिची सून उभी असते दिवसभर. तिला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू? तुझ्या साहेबाच्या रुमालात?"

त्यानंतर ताईने तिला पाणीसुद्धा विचारले नाही. पुस्तिका मिटून तिच्या हातात ठेवली आणि रोलरपाशी निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने गिऱ्हाइकांना एका हॉटेलच्या दालनात बोलावले. माजी शिक्षिकेच्या तोंडून ऐकले की लोकांना पटते, म्हणून भाषण मास्तरणीचे होते. तिने पुस्तिका उघडलीच नाही. पिशवीतून स्वतः टाइप केलेले ते कापलेले पान काढले आणि वर्गात वाचावे तसे खणखणीत वाचले. बोअरचे पाणी असेल त्यांनी घेऊ नये. वाफेचा बॉयलर असेल त्यांनी तर मुळीच घेऊ नये.

पहिल्या रांगेतल्या मालकांचा चेहरा पांढरा पडला. मागून एक हॉटेलवाला उठून म्हणाला, "मी आजवर बरीच भाषणं ऐकली. 'घेऊ नका' म्हणणारं पहिलंच. माझ्याकडे नळाचं पाणी आहे आणि बॉयलर नाही. मला चालेल ना?"

"तुम्हाला चालेल," मास्तरीण म्हणाली.

"मग मला दोन द्या."

कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. तेवढ्यात साखऱ्या झटकन उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "पाहिलंत?" तो माइकमध्ये म्हणाला. "आमची कंपनी ही अशी आहे!"

त्या दिवशी डब्यांची इतकी मागणी नोंदली गेली की मालकांचा रंग परत आला. त्यांनी मास्तरणीला बोलावून तिचा सत्कार करायचे तेवढे बाकी ठेवले. "मास्तरीणबाई, पान परत घालायचं. पुस्तिका नव्याने छापू."

तिला वाटले, जिंकले. तिने ताईला फोन करून सांगितले. ताई म्हणाली, "छापून आलं की दाखव." आणि फोन ठेवला.

छापून आले. मथळा तोच, मोठ्या अक्षरांत. खाली रंगीत चौकट. 'हे यंत्र कोणी घेऊ नये? ज्यांना मिठाची पोती उचलण्याचा छंद आहे त्यांनी. ज्यांना दर महिन्याला पाइप बदलायला आवडतं त्यांनी. ज्यांना पैसे खर्चायला निमित्त हवं आहे त्यांनी.' बॉयलरचे नाव नाही. बोअरचे नाव नाही. शेजारी तेच जोडपे, या वेळी पेला उंच धरून.

विक्री विभागात सगळे पोट धरून हसत होते. "बाई, तुमचं पान हिट झालं," साखऱ्या म्हणाला. "लोकांना प्रामाणिकपणा किती आवडतो, हे तुम्हीच दाखवलंत आम्हाला."

कापलेल्या पानाचा तिला राग आला होता. त्याचा आवाज तरी केला होता तिने. हा राग वेगळा होता. चोरी झाली तर माणूस ओरडतो. चोराने आपलेच कपडे घालून आपल्याच नावाने गावभर हात जोडत फिरावे, तेव्हा ओरडायचे तरी काय?

"तुम्ही विश्वास विकलात," ती म्हणाली. "माझा नव्हे, मूर्ख माणसा. लोकांचा."

"मूर्ख" हा शब्द त्या खोलीत कोणी साखऱ्याला म्हटला नव्हता. हसणे थांबले. मौनी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले. "तुम्ही काही बोलणार आहात?" त्याने खाली पाहिले. ती त्याच्याशेजारून बाहेर पडली आणि राजीनामा दारावरच्या पहारेकऱ्याजवळ देऊन गेली.

ताईने नवी पुस्तिका उभ्या उभ्या वाचली. मग चादरी पोचवायच्या गाडीची किल्ली उचलली. "बस गाडीत."

"कुठे?"

"दारोदार. तुझं नाव घेऊन फिरतंय ना ते? मग आपणही फिरू."

धुलाईवाल्यांची आपसात ओळख असते. ताईला सगळ्यांचे बॉयलर माहीत होते. बाहेरच्या रस्त्यावरच्या बाईने ऐकले, डबी काढली, टाकी पुन्हा जोडली, आणि ताईला बरेच सुनावले. ताईने मान खाली घालून ऐकून घेतले. कोणी ऐकले, कोणी दारातूनच हाकलले. स्वयंपाकघरात वाफेचा बॉयलर असलेल्या एका वसतिगृहाचा व्यवस्थापक म्हणाला, "काल तुम्हीच घ्या म्हणालात, आज तुम्हीच नको म्हणता. तुम्हाला नोकरीवरून काढलं म्हणून जळताय का?"

"मी सोडली नोकरी," मास्तरीण म्हणाली. "आणि हो, जळतेय. पण तुमच्या स्वयंपाक्याने जळू नये, म्हणून आलेय."

त्याने दार लावून घेतले.

त्या वसतिगृहाचा बॉयलर वर्ष संपायच्या आत फुटला. स्वयंपाकी वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कंपनी म्हणाली, पाण्याचा दोष. चौकशी बसली, तेव्हा पुस्तिकेवर नाव म्हणून पहिले बोलावणे मास्तरणीला आले. तिने सगळे सांगितले. मौनीला बोलावले, तेव्हा तो इतका वेळ बोलला की टिपून घेणाऱ्याने त्याला दोनदा थांबवले. डबीची विक्री बॉयलरवाल्यांना बंद झाली. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही.

मालकांनी पुढे कंपनी विकली आणि निवांत झाले. साखऱ्या मोठ्या कंपनीत गेला, आणखी वर चढला. 'ग्राहकांचा विश्वास कसा मिळवावा' यावर तो पैसे घेऊन व्याख्याने देई, आणि त्यात एका माजी शिक्षिकेची गोष्ट सांगे, असे ऐकिवात आहे. मौनी निवृत्त होईपर्यंत त्याच प्रयोगशाळेत राहिला. आपण त्या दारात गप्प उभे राहिलो, हे त्याने एकदा मास्तरणीला येऊन सांगितले. तिने त्याला चहा दिला, पण 'जाऊ द्या' म्हणाली नाही.

वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला हलके काम दिले गेले, मग काहीच दिले गेले नाही. ताईने त्याला धुलाईघरात हिशेब बघायला ठेवले. डाव्या हाताने लिहायला तो तिथेच शिकला. ताईचे गुडघे गेले, धंदा तिची मुलगी बघते, मिठाची पोती आता छोट्या गाड्यावरून येतात.

मास्तरीण नंतरही लिहीत राहिली. शेवटचे छापील पान स्वतःच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय तिने कोणाला आपले नाव छापू दिले नाही. अशा बाईला कामे किती मिळणार? ज्यांनी दिली ते बहुतेक छोटे कारखानदार होते आणि भांडखोर होते. त्यांच्याशी तिचे छान जमले.