कुलदैवत कोण विसरतं?

“गोळा हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, अनु. आणि आपल्या हातातला गोळा दुसऱ्याला द्यायचा नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना!”

अनुसूयाबाईंचे यजमान विद्याधरपंत जन्मभर स्टेशनमास्तर होते. एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा पडला की पुढची वाट त्याची, तोवर कुणाची नाही. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले, तेव्हा पासवर्डलाही गोळाच म्हणायचे. पंत जाऊन बरीच वर्षं झाली, पण फोन हाती घेतला की अनुसूयाबाईंना तो आवाज ऐकू येई. आज तर कानाशीच आल्यासारखा वाटला.

कारण शेजारची इंदिरा दारात उभी होती आणि काही केल्या आत येत नव्हती.

“ताई, माझ्या मयुरानं तुमचं काय घोडं मारलं होतं हो?”

“अगं, आत तर ये.”

“नको. आधी हे वाचा.”

फोनवर अनुसूयाबाईंचाच तुळशीपाशी काढलेला फोटो होता आणि खाली त्यांच्या नावानं निरोप: ‘शेजारधर्म म्हणून कळवते. मयुराला फिट्स येतात. विचार करून पुढे जावे.’ गावातल्या मराठी घरांच्या फोरमवरून निरोप गेला होता लक्ष्मी गेटच्या वसुंधराबाईंना, आणि त्यांनी तो इंदिराला पाठवला होता. त्यांच्या मुलाशी, पार्थशी, मयुराचं लग्न जवळजवळ ठरलंच होतं.

“हे मी लिहिलं नाही, इंदिरा.”

“वसुंधराबाई म्हणतात, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण अनुसूयाबाई खोटं बोलत नाहीत! उद्या सकाळच्या गाडीनं निघाल्या त्या ग्वाल्हेरला, दुसरी मुलगी बघायला.” इंदिरानं पदरानं डोळे टिपले. “पोरगी सकाळपासून जेवली नाही.”

अनुसूयाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, “त्या निघायच्या आत मी त्यांच्याशी बोलते. शब्द देते.”

इंदिरा गेली. बाई दाराशी उभ्याच राहिल्या. आपल्या नावानं कोण बोललं?

पंतांनी इंटरनेटवर सुरू केलेल्या न्यूजग्रुपवर असं कधी झालं नव्हतं. झाशीच्या मराठी घरांतली मुलं देशोदेशी पांगली, तेव्हापासूनचा तो कट्टा. तिथं कुलूपही नव्हतं, किल्लीही नव्हती. ज्यानं त्यानं लिहावं आणि खाली आपलं नाव टाकावं. तरी कोणतं लिहिणं कुणाचं आहे ते दोन ओळींत कळे. गेल्या वर्षी तो वाचायची जुनी सोय बंद पडली, तेव्हा सुनेनं, देविकानं, सगळा कट्टा फोरमवर हलवला. ती छावणीतल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आता प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाचा पासवर्ड. अनुसूयाबाई रोज तिथं तिथी आणि दिवसाचं व्रत लिहीत, आणि कितीतरी घरं ते वाचून उपास धरत.

त्यांचा पासवर्ड घरात आणखी एकीलाच माहीत होता.

आणि त्या एकीची मामेबहीण शर्वरी. तिचीही पत्रिका पार्थकडे गेली होती, उन्हाळ्यात परत आली. देविका तेव्हा हसून म्हणाली होती, “जाऊ दे आई, उनके नसीब!” ते हसू खरं होतं का? गेल्या आठवड्यात बाईंचा फोन एकाएकी पासवर्ड मागू लागला आणि जुना घेईना, तेव्हा देविकानं तो घेऊन पाठ फिरवली, दोन मिनिटांत परत दिला. म्हणाली, “झालं सुरू.” पाठ कशाला फिरवायची? परवा जेवताना तिचा फोन वाजला, तर तिनं तो पालथा घातला. एकेक गोष्ट आठवू लागली आणि जिला त्यांनी लेकीसारखं वागवलं तिचा चेहरा बाईंना परका दिसू लागला. जपाच्या माळेतही मन लागेना. मेरुमणी आला कधी, गेला कधी.

संध्याकाळी देविका शाळेतून आली, चहा टाकला. बाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी हळूच, पण विचारलंच.

“शर्वरीसाठी तू तर नाही ना केलंस?”

देविकाच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

“आई, हे तुम्ही मला विचारताय?”

“पासवर्ड तुलाच ठाऊक होता, बाळा.”

“पासवर्ड?” डोळे भरून आले तरी ती हसली. “पासवर्ड लागतोय कुणाला? गेल्या आठवड्यात तुमचा फोन अडला, तेव्हा मी आत कशी गेले, विचारलंत कधी? ‘पासवर्ड विसरलात?’ वर दाबलं. त्यानं विचारलं, तुमचं कुलदैवत कोणतं? मी व्याडेश्वर लिहिलं. बस, खुल गया! तुम्हाला काही विचारावं लागलंच नाही.”

“मग?”

“मग काय? माझ्याआधी कुणीतरी तसंच शिरलं होतं, पासवर्ड बदलून गेलं होतं. म्हणून तर फोन अडला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हीच चुकीचं काही दाबलंत.”

बाई पाटावर बसल्या. तो प्रश्न कुणी सुचवला होता ते त्यांना चांगलंच आठवत होतं. देविका म्हणत होती, फोनवर कोड येईल असं करू. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते जमायचं नाही म्हणून बाईंनीच मोडता घातला होता. ‘कुलदैवत विचार की. माणूस स्वतःचं नाव विसरेल, पण कुलदैवत कोण विसरतं?’

आणि फोरमवर ओळख देताना प्रत्येक घरानं पहिल्याच ओळीत काय लिहिलं होतं? गोत्र आणि कुलदैवत. सोयरीक जुळवायची तर ते आधी सांगायलाच हवं. सगळ्यांचे गोळे ओसरीवर मांडून ठेवल्यासारखे झाले होते.

“मग कोण असेल गं?”

“कुणीही. ज्याला आपलं कुलदैवत माहीत आहे तो कुणीही.”

म्हणजे सगळेच. सणाला वाण देणारे, गोड बोलणारे सगळेच.

देविकानं त्याच रात्री तो प्रश्न काढून टाकला, कोडची व्यवस्था केली. बाईंच्या फोनवर आकडे आले तसे त्या वाचून दाखवू लागल्या.

“मोठ्यानं नाही, आई. मलासुद्धा नाही सांगायचा.”

बाईंनी फोन पदराआड धरला. मग म्हणाल्या, “तुझ्यावर संशय घेतला. मनात ठेवू नकोस.”

“ठेवणार आहे,” देविका नाक ओढत म्हणाली. “दोन दिवस. मग बघू.” मग तिनंच विचारलं, “वसुंधराकाकूंना लिहून टाकू का, ते खोटं होतं म्हणून?”

“लिहिलेल्यावर आता कोण विश्वास ठेवील? त्यांनी फोनही उचलला नाही. समोर जाऊन, तोंडानंच सांगायला हवं.”

“पण सकाळी तुमचं मौन.”

चातुर्मासात सकाळी उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत अनुसूयाबाई बोलत नसत. पंत गेले त्या सालीसुद्धा ते मोडलं नव्हतं.

सकाळी त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले आणि पुटपुटल्या, “आजचं मौन राहिलं. रागावू नका.” स्वतःचाच आवाज त्या वेळी कानाला अनोळखी वाटला. देविका झोपली होती. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, दार अलगद ओढून घेऊन त्या लक्ष्मी गेटच्या दिशेनं चालू लागल्या.