गुडघाभर पाणी

पंढरी सरकटे दातिवऱ्याच्या खाडीत बुडाले तेव्हा त्यांच्या पायांत बॉयलर विभागातले जुने गमबूट होते, गळ्यात दुर्बीण होती आणि त्यांना पोहता येत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी गटातल्या सगळ्यांना दिसत होत्या. तिसरी ते स्वतःच दर सहलीला सांगायचे. "मी वाशिमकडचा माणूस. आमच्याकडे पाणी लांबून बघतात."

ते बुडाल्याची बातमी बोईसरमध्ये दुपारपर्यंत पसरली आणि संध्याकाळपर्यंत तिला एक कारणही चिकटलं. पक्षिनिरीक्षण गट चालवणाऱ्या केदारने गटाच्या सगळ्यांना संदेश पाठवला: पंढरीकाका सूचना न पाळता एकटेच पाण्यात पुढे गेले. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. दातिवऱ्यातल्या लोकांनी मान डोलावली. बाहेरची माणसं, त्यांना भरती काय कळणार.

काका कोणाच्या सांगण्यावरून पाण्यात उतरले हे एकाच व्यक्तीला नक्की माहीत होतं. तिचं नाव पूर्वी. ती गप्प राहिली.

पूर्वी दातिवऱ्याचीच, मच्छीमार घरातली. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आणि तिथेच खोली घेऊन राहणारी. पंढरी त्याच कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिनेच त्यांना पहिल्यांदा दुर्बीण हातात दिली होती.

हिवाळ्यात गट दर रविवारी पहाटे गाडी करून निघे. कधी घिवली, कधी केळवे, पण जास्त करून दातिवरे, कारण थंडीत उत्तरेकडून येणारे किनाऱ्यावरचे पक्षी तिथे भरपूर. ओहोटीला ते ओल्या चिखलावर दूरवर पांगलेले असतात. भरती चढू लागली की पाण्यापुढे मागे मागे सरकत माणसाच्या जवळ येतात. म्हणून पक्षी बघणारा माणूस वाळूच्या दांड्यावर आधीच जाऊन बसतो. सकाळचं ऊन पाठीशी हवं, नाहीतर समोरचा पक्षी नुसता काळा दिसतो. पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. बोलायचं नाही, हलायचं नाही, फोनचा आवाज बंद. पाणी मात्र पुढून येतं तसं मागूनही येतं. दांडा आणि गाव यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा आहे, तोही भरत जातो.

त्याची काळजी कोणी करत नसे. भरतीचं पूर्वीला विचारायचं, असा गटाचा रिवाज होता. ती बोटांच्या पेरांवर तिथी मोजून वेळ सांगायची आणि ती चुकत नसे. केदार तिला आमचं हवामान खातं म्हणायचा. दांड्यावरून कधी उठायचं याची तिची खूण लहानपणापासूनची होती. पक्षी दांड्याच्या उंच टोकाला दाटीने उभे राहिले की निघायचं. तेव्हा मागच्या फाट्यात गुडघाभर पाणी असतं. आईबरोबर ती तिथे कालवं काढायला जायची, तेव्हा ते पाणी तिच्या कमरेला लागायचं आणि आईच्या गुडघ्याला.

त्या रविवारी पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले होते. गाडी गावातून जाताना पूर्वीची आई, हंसा, मासळी वाळवायच्या वळईवर बोंबील टाकत होती.

"पूर्वे! चा घेऊन जा!"

"येताना, आये!"

"येताना, येताना! दर टायमाला येताना! त्या पाखरांना सांग, आमी पण हाव गावात!"

गाडीतले हसले. पूर्वीने खिडकीतून हात हलवला. तिचा भाऊ सुजीत घरात झोपलेला होता. हल्ली तो दिवसा झोपायचा. रात्री मासेमारीला जातो, असं आईने फोनवर सांगितलं होतं, आणि पूर्वीने पुढे काही विचारलं नव्हतं.

फाटा त्यांनी गावाजवळच्या वाटेने ओलांडला. पाणी घोट्यापर्यंत होतं. दांड्यावरून पक्ष्यांमागे सरकत सरकत ते समुद्राकडच्या उंच टोकाला पोहोचले आणि ऊन पाठीवर घेऊन बसले.

पंढरींनी पक्ष्यांना आपली नावं ठेवली होती. लाटेबरोबर रांगेने पुढे पळणारे आणि रांगेनेच मागे येणारे छोटे तुतवार म्हणजे शिफ्टवाले. बाजूला उभं राहून काही न करणारे कुरव म्हणजे सुपरवायझर.

"बघ, शिफ्ट सुटली," ते कुजबुजले. "आता सुपरवायझर ओरडणार."

"काका, हळू."

"हळूच बोलतोय पोरी. तो लाल चोचीचा आला का?"

लाल चोचीचा म्हणजे कालवफोड्या. काळापांढरा, लांब लाल चोचीने शिंपले उघडणारा. पंढरींना तो मागच्या दोन हिवाळ्यांत फक्त दुरून दिसला होता. घरी पत्नी रखमाबाई त्यांना म्हणायच्या, एवढ्या लांब जाऊन काय बघता, तर कोंबड्या! त्यांना एक चांगला फोटो नेऊन दाखवायचा, एवढंच पंढरींचं म्हणणं होतं.

कालवफोडे आले. एक नव्हे, अख्खा थवा. पाण्यापुढे सरकत ते इतके जवळ आले की दुर्बीण खाली ठेवावी लागली. पंढरींनी मोबाईलवर फोटो काढला. तो हलला. दुसरा काढला. तोवर दांडा अरुंद झाला होता आणि पक्षी उंच टोकाला खांद्याला खांदा लावून उभे होते. पूर्वीने खूण केली. सगळे उठले.

एरवी ते आल्या वाटेनेच परतत, पण दांड्याचा मधला सखल भाग आता पाण्याखाली जात होता. तिथून सरळ फाटा ओलांडला तर पलीकडे सुरूची झाडं दिसत होती. लहानपणी पूर्वीचा आणि तिच्या आईचा हाच रस्ता होता. केदार आणि बाकीचे जरा लांब, वाऱ्यात, दुर्बिणीचा मोठा स्टँड आवरत होते आणि पूर्वी त्याची पिशवी उचलायला वाकली होती. पंढरी काठी घेऊन फाट्याच्या कडेला उभे राहिले.

"पूर्वी, खोल नाही ना इथं?"

"नाही काका. गुडघाभर."

ते थांबले. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता.

"नक्की ना?"

"काका, मी इथे लहानाची मोठी झाले. सरळ जा, आलेच मी."

ते गेले. चार पावलं गुडघाभर पाण्यातून गेले आणि मग नव्हते. आरडाओरडा झाला नाही. काठी वर आली. पूर्वीने उडी मारली. तिला पोहता येत होतं, पण पाय कुठेच टेकेनात. खाली पाणी गार होतं आणि आत ओढत होतं. एकदा तिच्या हाताला दुर्बिणीचा पट्टा लागला, तो सुटला. केदार दांड्यावरून गावाच्या दिशेने ओरडत होता. पक्षी केव्हाच उडून गेले होते.

होडी घेऊन सुजीत आला. झोपेतून उठून, बनियनवर. त्याने आधी पूर्वीला ओढून घेतलं, मग दांड्यावरच्या बाकीच्यांना. मग तो पंढरींना शोधायला वळला. खरं तर त्याने शोधलं नाही. किनाऱ्यावरून लोक हात करून वेगवेगळ्या जागा दाखवत होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याने होडी फाट्यातल्या एका जागी नेऊन उभी केली, लांब बांबूला आकडा बांधला आणि खाली सोडला. बांबू जवळजवळ पूर्ण आत गेला. दुसऱ्याच खेपेला आकडा अडकला.

पूर्वी होडीत बसून हे बघत होती. तेव्हाच तिला कळलं.

संध्याकाळी पोलीस गेल्यावर ती घरात शिरली. हंसाने तिच्यासमोर चहा ठेवला. तो तसाच राहिला.

"कधीपासून काढतात वाळू?" तिने सुजीतला विचारलं.

"कोण?"

"सुज्या, तुझा बांबू कुठं गेला ते मी बघितलं."

सुजीत भिंतीला टेकून बसला. "गेल्या वर्षापासून. पंप शेठचा हाय. मी होडी चालवतंय फक्त. रात्री लावायचा, पहाटे काढायचा."

"तिथं खड्डा हाय ते सगळ्या गावाला म्हायत?"

"गाव तिथून जात नाय आता."

"मला नाय सांगितलंस."

"कधी सांगू?" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "तू घरात येतंस? गाडीतून हात हलवतंस न जातंस. मला काय म्हायत तू त्या म्हाताऱ्याला तिथून चालवशील?"

हंसा चुलीजवळून म्हणाली, "त्या माणसाचा जीव गेला तो गेला. लोकं काय बोलतात ते बोलू दे. तुजा भाव हाय तो. मासळी नाय खाडीत, मंग तो करील काय?"

"आये, मीच म्हटलं त्यांना, सरळ जा."

"कोणी ऐकलं काय?"

"नाय."

"मंग झालं."

पूर्वी त्या रात्री तिथेच राहिली. पहाटे पहिल्या गाडीने बोईसरला गेली आणि कामावर हजर झाली. केदारचा संदेश तिने वाचला. त्याने तो मुद्दाम खोटा लिहिला नव्हता. त्याची पाठ त्यांच्याकडे होती आणि वाऱ्यात बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं. उठल्यावर त्याने पाहिलं तेव्हा काका पाण्यात होते, एवढंच. तिने त्याखाली काही लिहिलं नाही.

तेरावं झाल्यावर ती रखमाबाईंकडे गेली. मुलगा अक्षय पुण्याला परत गेला होता. घरात चपलांच्या मांडणीवर एकच गमबूट ठेवलेला होता. दुसरा खाडीतच राहिला.

रखमाबाईंनी तिला बसायला सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आलेला होता.

"हा माणूस गॅसचा कॉक दोनदा बघायचा," त्या म्हणाल्या. "रात्री कडी लावली की उठून परत बघायचा. चाळीस वर्षं मी त्यावरून टोचून बोलले, बायकांसारखं काय करता म्हणून. आणि तो माणूस कोणी थांब म्हणत असताना पाण्यात जातो? पाखरांसाठी?"

पूर्वीने मांडणीवरच्या एकट्या गमबुटाकडे पाहिलं.

"अक्षय म्हणतो, बाबांनी हट्ट केला असेल. शेजारचे म्हणतात, म्हातारपणी डोकं फिरतं. मी पण आता त्यांनाच शिव्या घालते. सकाळी उठले की पहिल्यांदा शिव्या घालते. फोटोला हार घालायला हात उचलत नाही माझा." त्यांनी पूर्वीकडे पाहिलं. "तू तिथंच होतीस ना? असे कसे गेले गं?"

एवढं ऐकून गप्प बसणं शक्य होतं. ते दोन आठवडे जमलं होतं.

"काकू, त्यांना कोणी थांब म्हटलं नव्हतं," पूर्वी म्हणाली. "मी जा म्हटलं."

मग तिने सगळं सांगितलं. फाटा, गुडघाभर पाणी, वाळूचा पंप, खड्डा. सुजीतचं नावही तिने घेतलं.

रखमाबाईंनी मध्ये एकदाच विचारलं. "उतरायच्या आधी विचारलं होतं त्यांनी?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, "मग तेच होते." आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. पूर्वी पुढे सरकली, तर त्यांनी हाताने तिला लांबच थांबवलं.

जाताना दाराशी त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस, बरं केलंस. मी तुला माफ करते असं समजू नकोस. आणि केदारने जिथं खोटं सांगितलं तिथंही जाऊन हे सांग."

"तो माझा भाऊ आहे, काकू."

"माहीत आहे," रखमाबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पूर्वीने सुट्टी टाकली आणि पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. आपण काय म्हटलं ते आधी सांगितलं. पंप कोणाचा, हे तिला नावानिशी माहीत नव्हतं. होडी कोणाची, हे माहीत होतं.

होडी जप्त झाली. सुजीतला धरलं. पंप सापडला नाही. तो जबाबाच्या रात्रीच तिथून हलला होता आणि काही दिवसांनी खाडीच्या वरच्या अंगाला पुन्हा सुरू झाला, असं लोक म्हणू लागले. केदारने गटाच्या सहली थांबवल्या. अक्षयने पूर्वीला फोन करून एवढंच विचारलं, की हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस. फोन त्यानेच ठेवला.

फेब्रुवारीत पूर्वी एसटीने दातिवऱ्याला गेली. तिने लाल फडकी बांधलेले दोन बांबू बरोबर घेतले होते. ते खड्ड्याच्या दोन्ही कडांना रोवायचे होते आणि त्यासाठी होडी लागणार होती. ती तीन घरी गेली. एकाची होडी गळत होती, दुसऱ्याचं इंजिन उघडलेलं होतं, तिसऱ्याने सरळ नाही म्हटलं.

हंसा वळईवर बोंबील टाकत होती. तिने मुलीला वाटेवरून येताना पाहिलं, बांबू पाहिले, आणि टोपलीतून पुढचा बोंबील उचलला. तिने हाक मारली नाही.

पूर्वी वळईपाशी थांबली. मग पुढे गेली आणि अलीकडच्या कडेला, पाय टेकतील तिथवर जाऊन, तिने दोन्ही बांबू रोवले. पलीकडची कड तशीच राहिली. भरती चढत होती. पक्षी दांड्याच्या उंच टोकाला गोळा होऊ लागले होते.