चौदा तास वीस मिनिटे

मित्रांनो, माझ्या जातीचा लॅपटॉप तुम्ही कुठल्याही दुकानात पाहिला नसेल. आमचे बारा नमुने तेवढे घडले आणि पुढे काम थांबले. त्यांतला सातवा मी. माझ्या झाकणावर कंपनीचे नावही नाही, पांढऱ्या रंगात नुसता सात हा आकडा आहे.

माझा जन्म तैवानमधल्या शिंचू शहरात झाला. माझ्या आत जो प्रोसेसर आहे, त्याचे नाव बगळा. नखाएवढ्या त्या तुकड्यासाठी चाळीस माणसे चार वर्षे खपली होती. त्यांची प्रमुख होती ज्यान पेईजुन. बाई बारीक अंगाची, बोलणे तुटक. लोकांना ती एकच गोष्ट सांगे, "जोरात पळणारे पुष्कळ झालेत. मला न दमणारा हवाय."

आणि मी खरोखरच दमत नसे. चार्जर काढला तरी माझा वेग कमी होत नसे. प्रयोगशाळेत मला एकदा भरून ठेवले की मी चौदा तासांच्या वर चाले. ते पाहून पेईजुन एकदा हसली होती. मी पाहिलेले तिचे तेवढेच हसू.

त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीने आपला नवा प्रोसेसर आणला. त्याचे नाव अस्वल. अंगात जोर भरपूर, पण खादाड. आता बगळा चांगला की अस्वल, हे ठरवायचे कोणी? तैपेईत फान त्सुंगयी नावाचा एक परीक्षक होता. दोन यंत्रे शेजारी ठेवून तो वेग, उष्णता, बॅटरी मोजायचा आणि लिहायचा. त्याने लिहिले की लॅपटॉप बनवणारे कारखाने तेच मानायचे. पेईजुनने मला स्वतः पुसून, मऊ कापडात गुंडाळून त्याच्याकडे पाठवले.

मित्रांनो, त्या खोलीत काय झाले ते मी पाहिले आहे. फानने अस्वलाला लोखंडी जाळीवर ठेवले, खालून वारा मिळेल असे. मला त्याने सोफ्याच्या उशीवर ठेवले. माझी हवा खालच्या जाळीतून येते, ती उशीने बंद झाली. अस्वलाचा पडदा त्याने मंद केला, माझा पूर्ण उजळ. शिवाय माझ्या आत, कोणाला दिसणार नाही असे, फायली उतरवण्याचे एक काम चालू करून दिले. मी भाजत होतो. श्वास कोंडावा तसे झाले होते. आणि तो माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता.

"हो हो, अस्वलच पुढे राहील. काळजी करू नका. माझ्या खुर्चीचं तेवढं पक्कं करा."

आठवड्याने त्याचा लेख आला. बगळ्याची बॅटरी पाच तास चाळीस मिनिटे, असे त्यात होते. खाली एक वाक्य होते: "बगळा देखणा आहे, पण एकाच पायावर उभा आहे." ते वाक्य सगळ्या शिंचूत फिरले. ज्या कारखान्याने बगळा घ्यायचे कबूल केले होते, त्याने पाठ फिरवली. काम बंद पडले आणि चाळीस माणसे चाळीस वाटांनी गेली. जाताना एक जण पेईजुनला म्हणाला, "ताई, तुमचा बगळा प्रयोगशाळेतच उडायचा म्हणायचा."

खरे सांगू? तिला वाटले, आपलेच मोजणे चुकले असेल. या एका गोष्टीबद्दल मी फानला कधी माफ केले नाही. काम तर त्याने घेतलेच, पण तिचा स्वतःवरचा विश्वासही काढून घेतला. चार महिन्यांनी अस्वलाच्या कंपनीत तो मोठ्या खुर्चीवर बसला, आणि तरीही तिला शंका आली नाही.

पेईजुन वडिलांच्या न्याहारीच्या दुकानात काम करू लागली. सकाळी सहाला दुकान उघडायचे, बाराला बंद. सोयाबीनचे गरम दूध, अंड्याची पोळी, मुळ्याच्या तळलेल्या वड्या. फानकडून परत आल्यावर मी कंपनीने टाकून दिलेल्या खोक्यात पडलो होतो, ते खोके तिने घरी आणले होते. वडिलांनी मला फ्रिजवर ठेवले आणि माझ्यावर जुनी गाणी लावू लागले. दीड वर्ष माझ्या जाळीत तेलाची वाफ आणि पीठ बसत होते. चौसष्ट कामे एका वेळी करू शकणारा मी, म्हाताऱ्याला गाणी ऐकवत होतो. मनात मात्र दुसरे काही नव्हते. फान, एकदा माझ्यासमोर ये.

मला बोलता येत नाही. पण दर मिनिटाला मी किती तापलो, हवा किती आत आली, पडदा किती उजळ होता, आत काय काय चालू होते, हे सगळे माझ्यात आपोआप लिहिले जाते. कोणी उघडून वाचायचा अवकाश होता.

एका सकाळी मी तापून बंद पडलो. वडील म्हणाले, "पेई, तुझा बगळा गेला बघ." तिने मला उतरवले, उघडले, जाळीतले पीठ झाडले. मग कधीपासून तापतोय ते पाहायला तिने नोंदी उघडल्या आणि मागे मागे जात राहिली. फानच्या परीक्षेचा आठवडा आला. तिचे बोट थांबले. पडदा शंभर टक्के. हवा बंद. फायलींचे ते काम, सुरू केल्याच्या वेळेसकट.

तव्यावरची पोळी करपली. वडील हाका मारत होते. ती तशीच उभी होती.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "माझं चुकलं नव्हतं."

त्या नोंदीचे एक पान तिने फानला पाठवले. खाली एक ओळ लिहिली: "बाकीची पाने माझ्याकडे आहेत." दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, दुकान बंद होताना तो दारात उभा. उंची कोट, घामेजलेला चेहरा.

"पेईजुन, आपण समजुतीनं घेऊ. तुला आमच्याकडे चांगली जागा देतो."

"जागा नको. परीक्षा पुन्हा घ्यायची. इथं, माझ्यासमोर. आकडे तुमच्या हातानं लिहायचे आणि तुमच्या नावानं छापायचे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर सगळी पानं मी छापते. तुमच्या फायली उतरवण्याच्या कामासकट."

तो निमूटपणे जाऊन त्याच अस्वलाचा सीलबंद लॅपटॉप घेऊन आला. माझी बॅटरी दीड वर्षात थकली होती, म्हणून पेईजुनने त्याच खोक्यातल्या बाराव्या नमुन्याची कोरी बॅटरी मला बसवली. गिऱ्हाइकांतल्या चुआंगकाकू साक्षीला बसल्या. त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते.

आधी वेग मोजला. कोणाच्या तरी लग्नाच्या लांबलचक चित्रणाची फाईल दोघांनाही दाबून लहान करायला दिली. चार्जर लावलेला असताना अस्वलाने अकरा मिनिटे घेतली, मी तेरा. मला ते झोंबले. फानने मान वर केली. पेईजुन म्हणाली, "लिहा. अस्वल पुढे. खरं आहे ते." मग दोन्ही चार्जर काढले. मी पुन्हा तेराच मिनिटे घेतली. अस्वलाला एकोणीस लागली.

"हेही लिहा," काकू म्हणाल्या. "आणि अक्षर जरा नीट काढा."

शनिवारी सकाळी सहाला बॅटरीची परीक्षा सुरू झाली. दोघांखाली एकच लाकडी फळी, पडद्यांचा उजेड यंत्राने मोजून सारखा केलेला. पेईजुनने फानला एक बुटके स्टूल दिले. दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा, काकूंनी सही करायची.

गिऱ्हाइके येत होती. एक जण म्हणाला, "नवीन माणूस ठेवला का? भांडी घासतो का?" दुसरा म्हणाला, "नाही रे, हा अस्वलाचा दरवेशी आहे." फान कोटातच बसून होता. दहा वाजता त्याने पाठ टेकायला भिंत शोधली, तर पेईजुनने स्टूल पुढे ओढायला लावले.

बारा वाजता दुकान बंद झाले. अर्ध्या लावलेल्या शटरखाली तो बसून राहिला. दोन वाजून दहा मिनिटांनी अस्वलाचा पडदा काळा झाला. आठ तास दहा मिनिटे. माझ्यात अजून त्रेचाळीस टक्के बाकी होते.

"झालं ना आता?" फान म्हणाला. "निकाल लागला. मला जाऊ दे."

"बगळा अजून उभा आहे," पेईजुन म्हणाली. "बसा."

म्हाताऱ्या वडिलांनी दुधाचा वाडगा आणला. ती म्हणाली, "बाबा, त्याला नको."

"अगं, माणूस पहाटेपासून बसलाय."

"माझी माणसं दीड वर्ष तो खोटा आकडा घेऊन बसली आहेत."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि वाडगा तरीही त्याच्या हातात दिला. फान प्याला. वाडगा खाली ठेवून त्याने पुन्हा पेन उचलले. मित्रांनो, मला कीव यायला हवी होती. आली नाही. मी एकेक टक्का जितका पुरवता येईल तितका पुरवत होतो, आणि त्याला तो बसून मोजावा लागत होता.

संध्याकाळी सात वाजता तो हळूच म्हणाला, "हे छापलं तर माझी नोकरी जाईल."

"हो," पेईजुन म्हणाली.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी विझलो. पुन्हा चार्जर लागला तेव्हा मी पाहिले, वहीत फानच्या हातचे शेवटचे वाक्य होते: बगळा, चौदा तास वीस मिनिटे. खाली चुआंगकाकूंची सही.

सोमवारी तो आकडा छापला गेला. जुना आकडा खोटा होता, हेही त्यानेच लिहिले. आठवडाभरात त्याची खुर्ची गेली. बगळ्याचे काम मात्र पुन्हा सुरू झाले नाही. ती चाळीस माणसे दुसरीकडे रुळली होती. पण त्यांचे फोन आले. टोमणा मारणाऱ्याचाही आला. पेईजुन आता दुसऱ्या एका लहान कंपनीत नवा प्रोसेसर आखते आहे. तिथे तिचे आकडे कोणी तपासायला मागितले, तर ती न चिडता वही पुढे करते.

अशा गोष्टीच्या शेवटी मी सगळ्यांना क्षमा केली, असे सांगायचे असते. मी केलेली नाही. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. मोठे झाल्यावर तुम्हीही कोणाची तरी पारख कराल. दोन यंत्रांची, दोन मुलांची, दोन माणसांच्या कामाची. कोण पुढे ते खुशाल लिहा. मात्र दोघांनाही सारखीच हवा द्या. कारण जो खोट्याने हरतो, तो पुष्कळ दिवस स्वतःलाच दोष देत बसतो, आणि त्याचे ते दिवस कोणालाही परत देता येत नाहीत.