दिराच्या कोटावरचं पदक

सकाळी दुकान उघडल्याबरोबर शिंपीबुवांनी थोरल्या सुनेपुढे नवा कोट टाकला. "काजं तेवढी कर. आणि छातीवर पदक अडकवायला दोऱ्याची कडी घाल."

कोट धाकट्या मुलाचा, पदक थोरल्याचं. थोरला आघाडीवर पडून दहा महिने झाले होते. सरकारने त्याला सर्वांत मोठं शौर्यपदक जाहीर केलं आणि ते पत्नीने स्वीकारावं, असं कळवलं. पण विधवेने चारचौघांत पुढे यायचं नाही, ही या घरची रीत.

"मामंजी, मला पदक नको," ती सुई ओवत म्हणाली. "समारंभाला त्यांचे सोबती येणार आहेत. शेवटी काय झालं, एवढंच विचारते आणि येते."

"आम्ही का तुझे वैरी? पण लोकांची तोंडं कोण धरणार? तू आजारी आहेस, असं मी कळवून टाकलंय."

सासू पदराने डोळे पुसत राहिली. झुरळ दिसलं की खाटेवर चढणारा दीर म्हणाला, "वहिनी, खांद्यात जरा सैल कर हं. फोटो निघणार आहेत." पोरगा वाईट नव्हता. पण बापापुढे त्याच्याही तोंडात मूग होते. तिने काजं केली, कडीही घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी मंडळी परतली. पदक हातोहात फिरलं. तिने दिराला बाजूला घेतलं. "कुणी भेटलं?"

"एक जण भेटला. दादाला शेवटी त्यानेच मांडीवर घेतलं होतं." त्याने मान खाली घातली. "तुलाच शोधत होता. दादाचा निरोप आहे, तो वहिनींनाच सांगेन, म्हणाला. मी म्हटलं, ती आजारी आहे. लगेच आघाडीवर परतायचं होतं त्याला."

"मग मी त्याला पत्र लिहिते."

"आणि आपलं खोटं उघडं पाडतेस?" सासरे आतून म्हणाले. "खाटेवरची बाई पत्र लिहिते होय?"

सहा आठवड्यांनी वर्तमानपत्रात पडलेल्या जवानांची यादी आली. दिराने एका नावावर बोट ठेवून ते पान तिच्यापुढे सरकवलं. तिला कळायचं ते कळलं.

तिने हट्ट का धरला नाही, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण उद्या तुमच्या घरात कुणी असा हट्ट धरला, तर तुम्ही तिच्या बाजूने बोलाल का, ते आधी सांगा.